दमचोराचा एमआरआय

आमच्या गावच्या बँडमध्ये दम चोरणं हा गुन्हा नाही, ती विद्या आहे. चर्चच्या सणाला आणि गावातल्या मयताला आम्ही एक संथ चाल वाजवतो. तिच्या शेवटी पहिल्या क्लॅरिनेटवाल्यानं एकट्यानं एक सूर धरून ठेवायचा असतो, फादर वेदीपाशी पोचेपर्यंत. फादर तरुण असले तर निभावतं. गुडघेदुखीवाले फादर आले की आमची परीक्षा असते. एका छातीत तेवढी हवा मावत नाही, म्हणून ओठांच्या कोपऱ्यातून, गाल न हलवता, खांदा न उचलता चिमूटभर हवा आत ओढायची. त्या क्षणी आपला सूर गळतो, पण शेजारचा क्लॅरिनेटवाला तोच सूर अलगद घेतो आणि ती जागा भरतो. मग परत आपण. ऐकणाऱ्याला वाटतं, काय दम आहे या माणसाचा!

याला आम्ही दम चोरणं म्हणतो. मला ते दादानं शिकवलं, माझ्या थोरल्या भावानं. तो पहिला क्लॅरिनेट, मी त्याच्या शेजारचा. बँडचा कायदा एकच, सूर तुटता कामा नये. अंगात ताप असो, बायकोशी कडाक्याचं भांडण झालेलं असो, कोट काखेत उसवलेला असो, सूर तुटला की गाव पुढच्या सणापर्यंत हसतं. पुढे दादाची जागा माझ्याकडे आली आणि मी या विद्येत इतका तयार झालो की माझी छाती हलताना कुणी दाखवून द्यावी, अशी पैज लावत असे. गंमत म्हणजे पोटापाण्यासाठी मी शाळेत गणित शिकवायचो आणि कॉपी पकडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. बाहीत चिठ्ठी लपवलेलं पोर मला वर्गाच्या दारातूनच ओळखू यायचं. सोमवार ते शनिवार मी चोर पकडायचो आणि रविवारी चोरी करायचो.

दादाची जागा माझ्याकडे आली ती दादा गेला म्हणून. केळीच्या वाडीत पाणी सोडायला गेला आणि पाटाच्या कडेला पडलेला सापडला. दोनच महिने आधी त्याच्या हृदयाची इको नावाची सोनोग्राफी झाली होती आणि तिच्यात पंपिंग चांगलं आहे असं लिहिलं होतं. शवविच्छेदनात कळलं की हृदयाचा स्नायूच कमजोर झाला होता, आणि डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी घराण्यात असतं. हे वाक्य माझ्या बायकोनं पदराला गाठ मारून ठेवलं. मी सोयीस्करपणे विसरलो.

दोनेक वर्षांपूर्वी मला दम लागायला लागला. मी तो कुणाला दिसू दिला नाही. आमचं गाव निर्मळच्या अलीकडे, वाडी घरापासून दहा मिनिटांवर. पूर्वी सायकलनं जायचो, आता स्कूटरनं जाऊ लागलो आणि सायकल पंक्चर आहे असं सांगू लागलो. गच्चीवर टाकी बघायला चढलो की मधल्या पायरीवर थांबून शेजाऱ्यांच्या नारळांची चौकशी करायचो. चर्चमध्ये लांब सूर धरताना एकाऐवजी तीनदा, चारदा दम चोरायचो. शेजारचा भिडू, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, जरा जास्तच जोरात आणि जास्तच वेळ वाजवतो असं मला वाटू लागलं. त्याला मी दोनदा झापलंही. "सूर माझा आहे, आगाऊपणा करू नकोस," म्हटलं. तो मान खाली घालून "हो सर," म्हणाला.

बायकोनं एके दिवशी सायकलचं चाक दाबून पाहिलं. दगडासारखं टणक. ती सरळ वसईच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन मोकळी झाली.

डॉक्टरबाईंनी इको केली. पंपिंग चांगलं! मी तिथल्या तिथे खुर्चीत ताठ झालो. बायकोकडे असं पाहिलं की जणू मीच पेपर काढला होता आणि मीच त्यात पैकीच्या पैकी मिळवले होते. येताना अर्नाळ्याला वळसा घालून पापलेट घेऊ या, असंही सुचवलं. बायको जागची हलली नाही. तिनं डॉक्टरबाईंना दादाची गोष्ट सांगितली, अगदी त्याच्या इकोसकट. त्या ऐकता ऐकता गंभीर झाल्या.

"पंपिंग शेवटी बिघडतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या बऱ्याच आधी स्नायू दमायला लागतो. तो नीट आखडत नाही, नीट सैल होत नाही. ते इकोत सुटू शकतं. हृदयाचा एमआरआय करू. तुमच्या भावाला जे होतं ते तुम्हाला आहे का, आणि असेल तर किती, हे त्यात आधी कळेल. आत्ता सापडलं तर औषधांनी रोखता येईल."

म्हणजे प्रश्न सरळ होता. दादाचा आजार माझ्यात आहे की नाही. मी गणिताचा मास्तर, सरळ प्रश्नाचा मला जास्त धसका. पापलेट राहिलं.

एमआरआयचं सेंटर हायवेकडे, नव्या इमारतीत. तिथं आधी एक फॉर्म भरायला दिला. भीती वाटली की मला वात्रटपणा सुचतो, हा माझा जुना रोग आहे, त्याला अजून कुठलं यंत्र निघालेलं नाही. 'शरीरात धातू आहे का?' यापुढे मी लिहिलं, 'दाढेत आहे, आवाजात नाही.' 'बंद जागेची भीती वाटते का?' यापुढे, 'लग्नाला चौतीस वर्षं झाली.' फॉर्म बायकांचा नि पुरुषांचा एकच असल्यामुळे 'गरोदर आहात का?' असंही होतं. तिथं मी, 'अद्याप नाही.' बायकोनं फॉर्म ओढून घेतला, दुसरा मागून आणला आणि माझ्या वतीनं स्वतः भरला. बोटातली अंगठी निघेना, तेव्हा बेसिनवर साबण लावून तिनंच ओढून काढली. इतक्या जोरात ओढली की घटस्फोटाचीच तयारी वाटावी.

मशीनवरची मुलगी विरारची होती, पंचविशीची, हसरी. तिनं माझ्या छातीवर चार ठिकाणचे केस काढले, चकत्या चिकटवल्या, पोटावर श्वास मोजणारा एक पट्टा बांधला, छातीवर एक जड पाटीसारखं काहीतरी ठेवून आवळलं, दंडात सुई टोचून ठेवली, कानांवर हेडफोन घातले आणि हातात रबरी फुगा दिला.

"काका, काही झालं तर हा दाबा. मी बाहेरून बोलेन तसं करायचं. श्वास घ्या, सोडा, आणि मी म्हटलं की रोखून धरा. हृदय तर हलणारच, निदान छाती हलायला नको. तुम्ही श्वास घेतला की फोटो बिघडतो."

"पोरी," मी म्हटलं, "चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवतोय. दमाचं तू माझ्यावर सोड."

"अरे वा! मग तर टेन्शनच नाही," ती म्हणाली आणि मला बोगद्यात ढकललं.

आतला आवाज लोकांना भीतिदायक वाटतो म्हणतात. मला नाही वाटला. ठक-ठक-ठक, मग घर्र, मग परत ठक-ठक. दोनतीन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की यंत्र तालात आहे. आमच्या ढोलवाल्यापेक्षा पुष्कळच बरं. मी मनातल्या मनात त्यावर संथ चाल बसवू लागलो. तेवढ्यात कानात आवाज आला, "श्वास घ्या. सोडा. रोखा."

मी रोखला. एक, दोन, तीन मोजू लागलो. सात-आठवर छाती आतून दार वाजवू लागली. आणि मग नाकानं, मला न विचारता, चिमूटभर हवा चोरली. गाल स्थिर, खांदा स्थिर. यंत्राची ठकठक चालूच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एवढं अवाढव्य परदेशी यंत्र, आणि त्याला आमच्या गावची युक्ती कळली नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ते कसं, हे मला त्या बोगद्यात पाठीवर झोपून समजलं.

"काका, इमेज ब्लर येतेय. नीट रोखताय ना?"

"रोखतोय तर!"

"ठीक आहे, परत करू."

परत केलं. परत चोरला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दरवेळी ती गोड आवाजात विचारायची आणि मी तितक्याच गोड आवाजात खोटं बोलायचो. बाकावर बसून 'सर, मी नाही पाहिलं' म्हणणारी माझी सगळी पोरं मला आठवली आणि त्यांच्याबद्दल प्रथमच आदर वाटला. पाचव्या खेपेनंतर कानात पुसटसं ऐकू आलं, मुलगी बाहेर कुणाशी तरी बोलत होती. "काकू, काकांना कमी ऐकू येतं का?"

"ऐकू येतं," हा आवाज माझ्या ओळखीचा होता. "ऐकून घेत नाहीत. तो माईक द्या जरा इकडे."

बायको घरच्या बोलीत बोलली. ती बोली बाहेरच्यांना समजायची नाही, म्हणून इथं सोपी करून लिहितो. आवाजातली धार मात्र लिहिता येत नाही.

"अहो, इथं पडद्यावर तुमच्या दमाची रेघ आहे. रोखल्यावर ती सरळ जायला पाहिजे. तुमची मधेच उडी मारते. दम चोरताय तुम्ही."

"नाही गं."

"माझ्याशी खोटं? चौतीस वर्षं कॉयरमध्ये गाताना तुमच्या मागे उभी राहते मी. दम चोरताना तुमचे कान मागे जातात. अख्ख्या कॉयरला माहीत आहे."

पैजा लावत फिरलेला माणूस मी!

"हे बघा," तिचा आवाज एकदम खाली आला. "गावाला फसवलंत, चाललं. इथं फसवलंत तर दादाचं झालं तेच होईल. मला ते बघायचं नाही. एकदा खरं करा."

"श्वास घ्या," मुलगी म्हणाली. "सोडा. रोखा."

मी नाकाला बजावलं. एक. दोन. तीन. चार. पाचला कानशिलं तापली. सहा. सातला छातीत कुणीतरी आतून मूठ मारतंय असं वाटलं. आठला मी तोंड उघडलं आणि मासा पाण्याबाहेर करतो तसा आवाज करत हवा घेतली. एके काळी दादाशी पैज लावून मी विहिरीत बुडी मारून पन्नास मोजायचो. आठ! दोन वर्षं मी मोजलंच नव्हतं. मोजलं असतं तर आकडा आला असता, आणि आकडा आला की मला तो खरा मानावा लागला असता.

"नाही जमत," मी म्हणालो. हे वाक्य मी बँडमध्ये कधी उच्चारलं नव्हतं, घरीही नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते दोन्ही बाजूंनी कानांत उतरलं, आणि हात बांधल्यासारखे असल्यामुळे पुसताही येईना. मला भीती वाटत होती. गच्चीच्या पायरीवर वाटायची तीच, पण इथं चौकशी करायला शेजाऱ्यांचे नारळ नव्हते.

"काका," मुलगी म्हणाली, "आधी सांगायचं ना. आपण छोटे छोटे घेऊ, पाच-पाच सेकंदांचे. सगळ्यांना जमतात. थोडा वेळ जास्त लागेल, बस."

तासाभराऐवजी पावणेदोन तास लागले. मी एकदाही चोरी केली नाही.

चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला आणि पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर माझं हृदय हलत होतं. करडं, ओलसर दिसणारं, उघडतंय, मिटतंय. त्यांनी पेनानं एक जागा दाखवली.

"ही बघा. हा भाग बाकीच्यांपेक्षा कमी आखडतोय. आणि हाही. दमलेत ते. पण शेजारचे भाग जास्त जोर लावून त्यांचं काम भरून काढतायत, म्हणून एकूण पंपिंग चांगलं दिसतं. इकोत म्हणूनच काही कळलं नाही."

"म्हणजे दादाचंच," बायको म्हणाली.

"तीच सुरुवात असावी. पण सुरुवात आहे. सुईतून रंगाचं औषध देऊन पाहिलं, स्नायूवर व्रणाचे डाग पडलेले नाहीत. गोळ्या आजपासून चालू करू. भावाला मुलं असतील तर त्यांनाही एकदा तपासून घ्या."

"दादाचं असं पाहिलं असतं तर?" बायकोनं विचारलं.

"खात्रीनं नाही सांगता येत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण वेळ मिळाला असता."

वाजवायची परवानगी मिळाली. लांब सूर ओढायचा नाही आणि दम लागला की थांबायचं, ही अट. जिन्यावरूनच बायकोनं पुतणीला, दादाच्या मुलीला, फोन लावला. मी मात्र, आजार आहे पण वेळेवर सापडला, या आनंदात होतो. इतका की ती सगळी गोष्ट तिखटमीठ लावून कुणाला सांगतो असं झालं.

सणाच्या आधी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आमची तालीम असते. त्या संध्याकाळी पाव आणि चहा आला होता. मी सगळ्यांना फॉर्म सांगितला, अंगठी सांगितली, बायकोचा माईक सांगितला. ट्रम्पेटवाल्याच्या नाकातून चहा आला. मग मी डॉक्टरबाईंची नक्कल करत शेवटचं सांगितलं. "म्हणे, दमलेल्या भागाचं काम शेजारचे भरून काढतायत, म्हणून वरून काही कळतच नाही! बघा, माझ्या हृदयातपण आपलाच बँड बसलाय!"

कुणी हसलं नाही.

मला वाटलं, विनोद समजला नाही. मी पुन्हा सांगणार तोच आमचे बँडमास्तर, वय वर्षं शहात्तर, चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "दोन वर्षं झाली, तुझा अर्धा सूर आम्हीच वाजवतोय रे."

मी शेजारच्या भिडूकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. त्याला मी आगाऊ म्हणून झापलं होतं. तो पुरेना म्हणून, मास्तर म्हणाले, गेल्या सणाला दोन ट्रम्पेटही हलके हलके आत घेतले होते.

"मग मला सांगितलं का नाय?" मी ओरडलोच.

"सांगून काय करायचं? सूर तुटायचा नाय, एवढंच आपलं काम. आजवर तेच केलं." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "तुझ्या दादाचंही शेवटच्या वर्षी असंच झालेलं. त्याचाही भरला."

माझ्या अंगाची आग झाली. एवढी माणसं, सगळ्यांना माहीत, आणि कुणी एक शब्द बोललं नाही? "कुणी भरला? मला कोण बोललं नाय कसं?"

"तुला काय सांगायचं बाबा," मास्तर अगदी हळू म्हणाले. "त्याच्या शेजारी तूच बसायचास."

मी आठवून पाहिलं आणि आठवलं. त्या वर्षी दादा सूर धरायचा आणि लगेच सोडायचा, आणि मी घ्यायचो. तो परत घ्यायचा, मी परत घ्यायचो. मला वाटायचं, दादा मला पुढे आणतोय, जागा देतोय. मला अभिमान वाटायचा. घरी येऊन बायकोला सांगायचो, आज अर्धा सूर माझा होता. मास्तरांवर ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं, कारण ओरडायला आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. मी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि सगळ्यांसमोर रडलो. मास्तर उठून आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांनाही दम लागला होता, हे मला तेव्हा ऐकू आलं.

निघताना मी एवढंच म्हटलं, "यापुढे माझा सूर कोणी भरायचा नाय. तुटला तर तुटू द्या." आणि मास्तरांना डॉक्टरबाईंचा नंबर लिहून दिला. त्यांनी कुरकुर करत खिशात घातला.

सणाच्या दिवशी चर्च भरलं होतं. फादर नेमके गुडघेवाले. मी सूर धरला आणि मनात मोजू लागलो. पाचच्या पुढे गेलो नाही, डॉक्टरबाईंना शब्द दिला होता. क्लॅरिनेट खाली घेतलं, तोंड उघडलं आणि सगळ्या गावादेखत श्वास घेतला. फादर अजून निम्म्या वाटेत होते. शेजारच्या भिडूच्या ओठांत क्लॅरिनेट तयार होतं, सवय त्याला ओढत होती हे दिसत होतं, पण त्यानं ते खाली घेतलं. सूर तुटला. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, कुणीतरी खुदकन हसलं.

भिडू माझ्याकडे वाकला. "सर, बरं आहे ना?" त्यानं हळूच विचारलं.

दादाला मी हे एकदाही विचारलं नव्हतं.